संकेतस्थळावर आहे, पण सापडत नाही

डाळिंबाच्या फळावर तेलकट, काळपट डाग उमटून पुढे फळ तडकू लागले की बागायतदार त्या रोगाला 'तेल्या' म्हणतो. सांगोला-पंढरपूरपासून सटाणा-मालेगावपर्यंत हाच शब्द चालतो. संशोधन संस्थांच्या पुस्तिकांमध्ये मात्र त्याच रोगाचे शीर्षक बहुधा 'डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा' असे असते. बागायतदार मोबाइलवर 'डाळिंब तेल्या उपाय' असे लिहितो किंवा बोलतो. त्याच्यासमोर प्रथम येते ती औषधविक्रेत्याची जाहिरात, त्यानंतर एखादी चित्रफीत, त्यानंतर कोणी तरी कोठून तरी उतरवून घेतलेला मजकूर. ज्या संस्थेने या रोगावर वर्षानुवर्षे प्रयोग केले तिची पुस्तिका या यादीत अनेकदा नसतेच. ती संकेतस्थळावर असते. 'प्रकाशने' या सदराखाली, छापील पानांचे छायाचित्र काढून केलेल्या पीडीएफच्या रूपात, एखाद्या निरर्थक क्रमांकाच्या नावाने असते. फक्त सापडत नाही.

हीच पुस्तिका एखाद्या दृष्टिबाधित शेतकऱ्याने नेमका पत्ता मिळवून उघडली, तर त्याच्या मोबाइलमधील स्क्रीन रीडर एक तर गप्प राहतो किंवा असंबद्ध रोमन अक्षरांची माळ वाचू लागतो. पहिली तक्रार संस्थेच्या प्रसिद्धी विभागाकडे जाते आणि तिला 'शोधात वर न येणे' असे नाव मिळते. दुसरी तक्रार, झालीच तर, दिव्यांग कक्षाकडे जाते आणि तिला 'सुगम्यता' म्हणतात. दोन्हींसाठी स्वतंत्र सल्लागार नेमले जातात, स्वतंत्र देयके निघतात. वस्तुतः रोग एकच आहे. शोधयंत्र हे स्वतःच एक आंधळे वाचक आहे. त्याला पानावरील रंगसंगती दिसत नाही, छायाचित्रातील पाटी वाचून अर्थ लावणे त्याला भरवशाने जमत नाही; त्याला हवा असतो तो मजकूर, मथळे, दुवे आणि त्यांची रचना. दृष्टिबाधित वाचकाच्या यंत्रालाही नेमके हेच हवे असते. कृषी संकेतस्थळांच्या मालकांनी, मग ते विद्यापीठ असो, कृषी विज्ञान केंद्र असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो किंवा थेट ग्राहकाला हापूस विकणारा बागायतदार असो, हे नाते एकदा लक्षात घेतले तर त्यांचे निम्मे प्रश्न एकाच कामात सुटतील.

अक्षरे आणि अक्षरांचे मुखवटे

मराठी कृषी साहित्याचा फार मोठा भाग युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित झाला आहे. कृतिदेव, श्रीलिपी व तत्सम फॉन्टनी एका काळात मुद्रणाची मोठी सेवा केली, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्यांची रीत अशी होती की, संगणकाच्या स्मृतीत साठवली जातात ती रोमन अक्षरांची वा चिन्हांची संकेतने, आणि त्यांवर देवनागरीचा केवळ मुखवटा चढवलेला असतो. कागदावर छापताना त्यामुळे काहीच बिघडत नाही. तोच मजकूर संकेतस्थळावर गेला की मुखवटा डोळ्यांना दिसतो, यंत्राला मात्र आतला रोमन गोंधळ दिसतो. शोधयंत्र त्यालाच मजकूर समजते आणि 'हुमणी' शोधणाऱ्याला ते पान दाखवण्याचे त्याला काही कारण उरत नाही. परीक्षा सोपी आहे. पानावरील एखादी ओळ निवडावी, नक्कल करावी आणि मोबाइलवरील साध्या संदेशात चिकटवावी. तेथे मराठी उमटले तर अक्षरे खरी; इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली तर मुखवटा; आणि ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र.

युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र गट मिळून तीन दशके उलटली आहेत. तरीही अनेक कार्यालयांत परिपत्रक जुन्या फॉन्टमध्येच निघते, कारण टंकलेखकाचा हात त्या कळफलकावर बसलेला असतो. या सवयीचा दोष टंकलेखकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याला नवा कळफलक शिकण्यासाठी चार दिवस मोकळे देण्याचा विचार कार्यालयाने कधी केलेला नसतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने विनामूल्य मिळतात. छापील पानांतून अक्षरे ओळखणारी साधनेही आता मराठी बऱ्यापैकी वाचतात. पण येथे कृषी साहित्याची एक खास जोखीम आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. कथेच्या पुस्तकात एखादे काना-मात्रा चुकले तर वाचक हसून पुढे जातो. फवारणीच्या तक्त्यात '०.५ मिली' मधील बिंदू गळून '०५ मिली' झाले, तर मात्रा दसपट होते. म्हणून रूपांतरित मजकुरातील प्रत्येक अंक, प्रत्येक दशांश चिन्ह आणि प्रत्येक एकक विषयतज्ज्ञाने मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय पान प्रसिद्ध करू नये. हे काम संगणक विभागावर सोपवून चालणार नाही.

युनिकोड स्वीकारल्यानंतरही काही गाठी उरतात. 'ॲझोटोबॅक्टर' मधील पहिले अक्षर दोन प्रकारे टंकित होते: एक स्वतंत्र 'ॲ', आणि दुसरे 'अ' वर अर्धचंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, यंत्राला ती भिन्न आहेत. 'दुसऱ्या' मधील रफाराचेही असेच. संस्थेने एक रीत ठरवून घ्यावी आणि सर्व पानांवर तीच पाळावी. संकेतस्थळाच्या स्वतःच्या अंतर्गत शोधपेटीला तर याची फारच गरज असते.

आता पीडीएफविषयी. 'आमच्या पीडीएफ युनिकोडमध्येच आहेत' हे उत्तर हल्ली अभिमानाने दिले जाते. ते अर्धेच समाधानकारक आहे. पीडीएफ हे मुळात छपाईसाठी घडवलेले स्वरूप आहे. त्यात अक्षरे पानावर कोठे बसवायची याची नोंद असते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात त्याच्या आधी येते, जोडाक्षरांचे आकार बदलतात. त्यामुळे पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात, जोडाक्षरे तुटतात. साध्या वेबपानावर हा घोटाळा होत नाही. म्हणून आग्रह एवढाच असावा की, पुस्तिका प्रथम वेबपान म्हणून प्रसिद्ध व्हावी; ज्याला छापून भिंतीवर लावायची आहे त्याच्यासाठी शेवटी पीडीएफचा दुवा द्यावा. आज क्रम नेमका उलटा आहे, आणि बहुतेक ठिकाणी पीडीएफ चढवली की प्रसिद्धी झाली असे समजून नस्ती बंद केली जाते.

आणखी एक बाब तांत्रिक वाटेल, पण मराठीसाठी ती महत्त्वाची आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. पान कोणत्या भाषेत आहे हे त्याच्या संहितेत नोंदवलेले नसेल, तर स्क्रीन रीडर अनेकदा हिंदी आवाजात मराठी वाचू लागतो. 'चहा' आणि 'चमचा' यांतील 'च' चा भेद, 'ळ' चा ठसका सारेच हरवते. मराठीसाठी 'एमआर' हे दोन अक्षरांचे भाषासंकेत पानाच्या आरंभी एकदा लिहिले की काम भागते. हिंदी, इंग्रजी व मराठी अशा तिन्ही भाषांत पाने चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थांकडून ही नोंद सर्रास राहून जाते. साचा इंग्रजीचा, म्हणून सर्व पाने इंग्रजी म्हणून घोषित होतात.

शेतकऱ्याचा शब्द

शोधात वर येण्याची कला म्हणजे काही तरी गुप्त विद्या आहे, असा समज पसरवला गेला आहे. त्यातील बहुतांश भाग प्रत्यक्षात विस्तारकार्याचाच आहे: समोरचा माणूस कोणत्या शब्दाने प्रश्न विचारतो हे ओळखणे. जुनी विद्यापीठीय पुस्तिका 'शेंदरी बोंडअळी' म्हणते. वर्तमानपत्रांनी रुळवलेला शब्द 'गुलाबी बोंडअळी' आहे. द्राक्ष बागायतदार 'केवडा' पेक्षा 'डाऊनी' अधिक बोलतो. संत्रा उत्पादक 'फायटोप्थोरा' शोधत नाही, तो 'डिंक्या' शोधतो. शीर्षकात शेतकऱ्याचा शब्द आणि पहिल्याच परिच्छेदात शास्त्रीय नाव, असा साधा क्रम ठेवला तर शास्त्राची अप्रतिष्ठा होत नाही. 'डाळिंबावरील तेल्या रोग: ओळख व एकात्मिक व्यवस्थापन' या शीर्षकात कोणाही शास्त्रज्ञाला खटकावे असे काय आहे?

अनेक संकेतस्थळांवर मात्र प्रत्येक पानाचे शीर्षक एकच असते, संस्थेचे पूर्ण नाव. शोधाच्या यादीत ते दहा वेळा दिसले तरी कोणते पान कशाविषयी आहे हे कळत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही पान उघडताच प्रथम ऐकू येते ते शीर्षकच. प्रत्येक पानावर संस्थेचे लांबलचक नाव ऐकून तो कंटाळतो. तीच गत 'येथे क्लिक करा' या दुव्यांची. दृष्टिबाधित वाचक पानावरील सर्व दुव्यांची यादी एकत्र ऐकू शकतो. ती यादी 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक माहिती, येथे क्लिक करा' अशी निघाली तर तिचा उपयोग शून्य. शोधयंत्रेही दुव्यातील शब्दांवरून पुढच्या पानाचा विषय ताडतात. 'सोयाबीनवरील चक्रीभुंग्याचे नियंत्रण' असा पूर्ण दुवा लिहायला अधिक खर्च येत नाही.

मथळ्यांचेही असेच. अक्षर ठळक व मोठे केले म्हणजे मथळा झाला असे नव्हे. तो मथळा आहे हे संहितेत सांगावे लागते. तसे केले की स्क्रीन रीडरचा वापरकर्ता 'लक्षणे' वरून थेट 'उपाय' वर उडी घेऊ शकतो. छायाचित्रांना पर्यायी मजकूर द्यावा, आणि तो 'छायाचित्र १' असा नसावा. 'पानाच्या खालच्या बाजूस पांढरी माशी व तिची पिल्ले' असा असावा. मात्रांचा तक्ता तर चित्ररूपात कधीच देऊ नये. खरा तक्ता, स्तंभांच्या शीर्षकांसह केला, तर स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्याबरोबर 'प्रति १० लिटर पाणी' की 'प्रति हेक्टर' हे वाचून दाखवतो. चित्रातील तक्ता कोणालाच काही सांगत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणाऱ्या सल्लापत्रिकांची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. सुंदर रंगीत चित्र, त्यात बारीक अक्षरांत सल्ला, खाली अधिकाऱ्यांची छायाचित्रे. दुसऱ्या दिवशी ती पत्रिका शेकडो संदेशांखाली गाडली जाते. कोणतेही शोधयंत्र त्या गटात शिरत नाही, आणि पुढील हंगामात तीच पत्रिका पुन्हा नव्याने करावी लागते. चित्र अवश्य पाठवावे, पण त्यासोबत संकेतस्थळावरील पानाचा दुवा आणि चार ओळींचा मजकूर असावा.

हमी देणारे

'पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे सांगणारे दूरध्वनी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना हल्ली वारंवार येतात. गूगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे की, पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. पानाच्या संहितेत दडवलेल्या 'कीवर्ड' च्या याद्यांसाठी अजूनही पैसे घेतले जातात. त्या याद्यांचा क्रमवारीसाठी वापर केला जात नाही हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत सर्व पिकांची व किडींची नावे भरण्याची युक्ती तर उघड फसवणूक ठरते आणि त्यासाठी पान शोधातून वगळलेही जाऊ शकते. गंमत अशी की, ही अदृश्य अक्षरे डोळस वाचकाला दिसत नाहीत, पण दृष्टिबाधित वाचकाला ती सर्वच्या सर्व ऐकावी लागतात.

'डॉट भारत' या देवनागरी पत्त्याविषयीही विचारणा होते. ऑगस्ट २०१४ पासून तो मराठीसह आठ भाषांसाठी उपलब्ध आहे. मराठी नावाचा पत्ता भित्तिपत्रकावर वाचायला व लक्षात ठेवायला सोपा जातो, एवढा त्याचा लाभ खरा. शोधात त्याला वेगळी पसंती मिळत नाही, वा तोटाही होत नाही.

संकेतस्थळ शोधात मुळीच दिसत नसेल तर प्रथम एक क्षुल्लक कारण तपासावे. संकेतस्थळ घडत असताना शोधयंत्रांना दूर ठेवणारी सूचना संहितेत घातलेली असते आणि उद्घाटनानंतर ती काढायचे राहून जाते. हार घालून, फीत कापून सुरू झालेले संकेतस्थळ मग महिनोन् महिने जगापासून झाकलेले राहते.

सुगम्यतेच्या क्षेत्रातही असेच विक्रेते आहेत. एक छोटे साधन जोडा, कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह येईल आणि संकेतस्थळ कायद्यानुसार होईल, असा त्यांचा दावा असतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका कंपनीला दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला. अक्षर मोठे करण्याची 'अ+' ही बटणे अनेक शासकीय पानांवर असतात. त्यांपैकी किती खरोखर चालतात हे त्या त्या संस्थेने स्वतः दाबून पाहावे.

दिव्यांग शेतकरी किती, हा प्रश्न

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ८६ लाख ग्रामीण भागातील होत्या. दिव्यांगांची बहुसंख्या ग्रामीण असताना ग्रामीण भागासाठीच चालवल्या जाणाऱ्या संकेतस्थळांनी हा प्रश्न विचारावा, हे खटकणारे आहे. शिवाय चाळिशीनंतर जवळचे दिसणे मंदावते, मोतीबिंदू गावोगाव आहे. भर दुपारी बांधावर उभे राहून मोबाइल पाहणाऱ्या तरुणालाही फिकट अक्षरे दिसत नाहीत. साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे वेब सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कृषी संकेतस्थळ हिरवेच असले पाहिजे असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. पोपटी पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे हे त्याचे फलित. ते गुणोत्तर तेथे बहुधा गाठले जात नाही.

रंगाच्या बाबतीत कृषी क्षेत्राकडे स्वतःचाच एक उत्तम धडा आहे. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील त्रिकोण लाल, पिवळा, निळा वा हिरवा असतो. पण कीटकनाशके नियम, १९७१ नुसार त्यासोबत इशाऱ्याचे शब्दही छापावे लागतात, आणि अतिविषारी गटात कवटीचे चिन्हही. केवळ रंगावर भिस्त ठेवलेली नाही. लाल-हिरव्यातील भेद न कळणाऱ्या माणसालाही धोका कळावा, ही त्यामागील सोय. हवामान इशाऱ्याचे जिल्हानिहाय रंगीत नकाशे संकेतस्थळांवर चढवताना मात्र हे विसरले जाते. नकाशाखाली 'यवतमाळ: नारिंगी इशारा, वादळी वाऱ्यासह पाऊस' अशी साधी यादी दिली, तर ती दृष्टिबाधितालाही ऐकू येते, रंगांधालाही कळते, आणि 'यवतमाळ पाऊस इशारा' असे शोधणाऱ्यालाही सापडते.

यवतमाळचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. २०१७ मध्ये त्या जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, कोणत्या गटाच्या औषधावर डॉक्टरांनी कोणता उतारा विचारात घ्यावा, ही माहिती घाबरलेल्या नातेवाइकाला एका मिनिटात मिळावी लागते. ती चाळीस पानी पीडीएफच्या सदतिसाव्या पानावर ठेवणे म्हणजे न ठेवण्यासारखेच आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे; कलम ४६ सरकारी तसेच खाजगी सेवादात्यांनाही बांधते. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम रद्दबातल ठरवून ते अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, ॲसिड हल्ल्यातील पीडित व दृष्टिबाधित व्यक्तींच्या ई-केवायसीविषयक याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पापण्या मिटून दाखवल्याशिवाय ओळख न पटवणारी यंत्रणा ज्याची पापणी हलत नाही त्याला बाहेर ठेवते. अनुदानाच्या अर्जात चित्रातील वाकडी अक्षरे ओळखायला लावणारी पेटीही तेच करते.

'शेतकरी वाचत नाहीत, ते चित्रफितीच पाहतात' हा आक्षेप अगदी निराधार नाही. चित्रफीत प्रात्यक्षिकासाठी उत्तम. छाटणी कशी करावी हे लिहून समजत नाही. परंतु पंधरा मिनिटांच्या चित्रफितीत मात्रा नेमकी कोठे सांगितली हे शोधता येत नाही, आणि कर्णबधिर शेतकऱ्याला ती सांगितली तरी कळत नाही. चित्रफितीखाली बोललेल्या मजकुराची लिखित प्रत दिली की दोन्ही अडचणी दूर होतात.

जे सापडू नये, ते

सापडण्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. उसातील हुमणीसाठी फोरेट दाणेदार जमिनीत टाकण्याची शिफारस एके काळी सर्वत्र होती. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने १८ कीटकनाशकांवर बंदी आली. त्यांपैकी फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांसह सहा औषधांवरील बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. संकेतस्थळांवरील जुन्या पानांना हे कोणी कळवले? जी पाने साध्या मजकुरात लिहिलेली होती, ती शोधात उत्तम प्रकारे सापडतात, आणि अजूनही फोरेटच सुचवतात. पानावर दिनांक नसेल तर वाचकाला शंका येण्याचेही कारण नाही. २०२४ पासून भारतातही गूगलच्या शोधात यंत्राने रचलेले सारांश शिरोभागी दिसू लागले आहेत. शेतकरी अशा वेळी मूळ पान उघडतही नाही. यंत्र जुन्या पानावरून सारांश करील, कारण नवीन शिफारस पीडीएफच्या चित्रात बंद आहे.

म्हणून प्रत्येक सल्ल्यावर प्रसिद्धीचा आणि शेवटच्या तपासणीचा दिनांक असावा. शिफारस बदलली तर जुने पान गुपचूप काढून टाकू नये. तसे केल्यास इतरत्र दिलेले दुवे तुटतात आणि लोक उतरवून घेतलेल्या प्रतींकडे वळतात. त्याच पत्त्यावर नवी शिफारस द्यावी किंवा जुना पत्ता नव्या पानाकडे वळवावा. ऐतिहासिक नोंद म्हणून जुना मजकूर ठेवायचाच असेल तर सर्वांत वर, रंगावर न विसंबता, शब्दांत लिहावे की ही शिफारस कालबाह्य असून औषधावर बंदी आहे.

हे सर्व करणार कोण? नव्या पदनिर्मितीची वाट पाहिल्यास काहीच होणार नाही. संकेतस्थळाचे कंत्राट देताना निविदेत तीन अटी घातल्या तरी बराच फरक पडेल: सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये, प्रत्येक पुस्तिका प्रथम वेबपान म्हणून, आणि देयकापूर्वी दृष्टिबाधित व्यक्तीकडून प्रत्यक्ष चाचणी. तिसरी अट कंत्राटदारांना आवडत नाही. जुन्या साहित्यापैकी सर्वच रूपांतरित करण्याचा संकल्प सोडून शेतकरी सर्वाधिक विचारतात ते वीस विषय आधी घ्यावेत.

ते वीस विषय कोणते, हे ओळखण्यासाठी समिती नेमण्याचे कारण नाही. गूगलचे सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन संकेतस्थळाच्या मालकाला दाखवते की लोक कोणते शब्द लिहून आपल्या पानापर्यंत आले, आणि कोणत्या शब्दांवर पान दिसूनही कोणी उघडले नाही. खरिपापूर्वीच्या मासिक कार्यशाळेत या यादीचे एक पान विषयतज्ज्ञांसमोर ठेवता येईल. त्याच बैठकीत एका साध्या अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक सुरू करावा, पडदा रुमालाने झाकावा आणि केंद्रप्रमुखांनी स्वतःच्याच संकेतस्थळावरून कपाशीवरील पांढऱ्या माशीसाठीची मात्रा केवळ ऐकून शोधून काढावी. किती मिनिटे लागली ते इतिवृत्तात नोंदवावे, आणि रब्बीपूर्वीच्या कार्यशाळेत तीच चाचणी पुन्हा घ्यावी.